परसातल्या पाखरांची मोजदाद : ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ची वाटचाल

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, ईरी सरोवराच्या उत्तर काठावरून एक वाळूची लांब जीभ पाण्यात शिरली आहे. तिचे नाव लाँग पॉइंट. स्थलांतर करणारे पक्षी सरोवर ओलांडण्याआधी आणि ओलांडल्यावर इथे विसावतात, म्हणून १९६० साली ऑन्टारियोतल्या पक्ष्यांना कडी घालणाऱ्या हौशी अभ्यासकांनी इथे ‘लाँग पॉइंट बर्ड ऑब्झर्व्हेटरी’ हे केंद्र उभे केले. वसंतात आणि शरदात जाळी लावायची, पक्षी पकडून पायात कडी अडकवायची, वजन-माप घेऊन सोडून द्यायचे, हा केंद्राचा शिरस्ता. हिवाळ्यात मात्र जाळी गुंडाळून ठेवावी लागत. बर्फात रानोमाळ हिंडून पक्षी मोजायचे तर माणसे आणायची कुठून? वर्षातले चार-पाच महिने अभ्यासाच्या वहीत कोरे राहत होते.

ते कोरे पान भरण्याची युक्ती डॉ. एरिका डन यांनी काढली. ऑन्टारियोतल्या असंख्य घरांच्या परसात हिवाळाभर पाखरांसाठी दाण्यांचे फीडर टांगलेले असतात आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोणी ना कोणी त्यांच्याकडे पाहतच असते. त्या पाहणाऱ्यांच्या हातात एक साधे पत्रक द्यावे, आणि कोणता पक्षी किती संख्येने आला एवढेच त्यांनी ठरावीक पद्धतीने लिहावे, असे ठरले. १९७६ साली ‘ऑन्टारियो बर्ड फीडर सर्व्हे’ सुरू झाला. आज उत्तर अमेरिकेत वीस हजारांहून अधिक घरांत चालणाऱ्या ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’चे मूळ या प्रांतिक पाहणीत आहे.

सामान्य माणसांकडून पक्षी मोजून घेणे ही काही तेव्हाची नवलाई नव्हती. पक्षीशास्त्रज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या आवाहनावरून नाताळातली पक्षीगणना १९०० सालापासून चालत आली होती. पहिल्या वर्षी तिच्यात २७ जण होते. ब्रिटनमध्ये तर बागेतल्या फीडरवरच्या पक्ष्यांची पाहणी १९७०-७१च्या हिवाळ्यातच सुरू झाली होती. तेव्हा परसातल्या मोजदादीचा पहिला मान ऑन्टारियोला देता येत नाही. मात्र ही कल्पना पुढे एका अख्ख्या खंडावर पसरवण्याचे श्रेय निःसंशय तिथल्या मंडळींचे आहे.

पहिली दहा वर्षे पाहणी प्रांतापुरती राहिली. पाचशेहून अधिक लोक तिच्यात सामील झाले, पत्रके टपालाने येत-जात राहिली. नोंदी जमत गेल्या तशी एक अडचणही स्पष्ट होऊ लागली. उत्तरेच्या सूचिपर्णी अरण्यात राहणारे रेडपोल, पाइन सिस्किन, ईव्हनिंग ग्रोसबीक हे पक्षी एखाद्या हिवाळ्यात झुंडींनी दक्षिणेला उतरतात आणि पुढच्या हिवाळ्यात फिरकतही नाहीत. उत्तरेत बर्च आणि स्प्रूसला भरपूर बी धरले तर त्यांना घर सोडायचे कारण नसते. बी कमी आले की पोटासाठी शेकडो मैल खाली यावे लागते. आता एखाद्या वर्षी ऑन्टारियोच्या फीडरवर सिस्किन दिसलाच नाही, तर तो मेला असे समजायचे, उत्तरेतच राहिला असे समजायचे, की शेजारच्या क्वेबेकमध्ये गेला असे? प्रांताच्या सीमेपर्यंतच डोळे असलेल्या पाहणीकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते. पक्ष्यांच्या खंडव्यापी हालचाली कळायच्या तर मोजणीही खंडव्यापी हवी, असा निष्कर्ष संयोजकांनी काढला आणि लहान केंद्राला हे ओझे एकट्याने पेलणार नाही हेही ओळखले.

जोडीदार म्हणून निवड झाली ती न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावच्या ‘कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी’ची. आर्थर अ‍ॅलन यांनी १९१५ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू केलेली ही संस्था गावाबाहेरच्या ‘सॅपसकर वुड्स’ या रानात वसली आहे. पक्षीशास्त्राचा अनुभव, मोठी माहिती साठवण्याची सोय आणि हौशी लोकांशी जुना संबंध, या तिन्ही गोष्टी तिच्यापाशी होत्या. दोन्ही संस्थांनी मिळून १९८७-८८च्या हिवाळ्यात ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’चा आरंभ केला. पहिल्याच वर्षी चार हजारांहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, आणि हवाई वगळता अमेरिकेच्या प्रत्येक राज्यातून पत्रके आली.

या उपक्रमाचा कणा म्हणजे त्याची मोजण्याची रीत. ती दिसायला इतकी साधी आहे की तिच्यामागचा विचार सहज नजरेआड होतो. नोव्हेंबरपासून वसंतापर्यंतचा हंगाम. सहभागी व्यक्तीने आपल्या परसाचा एक ठरावीक तुकडा निवडायचा आणि हंगामभर तोच ठेवायचा. लागोपाठचे दोन दिवस मोजायचे, मग पुढच्या मोजणीआधी किमान पाच दिवस जाऊ द्यायचे. त्या दोन दिवसांत किती वेळ खिडकीशी घालवला, किमान-कमाल तापमान किती होते, जमिनीवर बर्फ किती साचला होता, हे लिहायचे. आणि प्रत्येक जातीपुढे एकच आकडा घालायचा : एका नजरेत एकाच वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्या. सकाळी तीन चिकडी आल्या, दुपारी पाच आणि संध्याकाळी दोन, तर नोंद पाचाची, दहाची नव्हे. सकाळच्या तिघी दुपारी परत आल्याच नाहीत असे कोण छातीठोक सांगणार? सगळ्या सारख्याच दिसतात. बेरीज करण्याचा मोह टाळला की तीच पाखरे दोनदा मोजली जाण्याचा धोका उरत नाही. प्रत्यक्ष संख्येपेक्षा हा आकडा नेहमी थोडा कमी भरतो, पण सगळीकडे एकाच पद्धतीने कमी भरतो, त्यामुळे एका घराची दुसऱ्या घराशी आणि या वर्षाची मागच्या वर्षाशी तुलना करता येते.

आणखी एक पथ्य पाळून घेणे संयोजकांना सर्वांत जड गेले असावे. मोजणीचे दिवस आधी ठरवायचे. चांगला पक्षी आला म्हणून आजच मोजू, असे करायचे नाही. फीडर ओस पडला असेल तरी पत्रक भरून पाठवायचे. दुर्मिळ पाहुणा दिसला की माणूस आपणहून लिहितो. रोजचेच सात जुंको सलग अठराव्या आठवड्यात लिहायला मात्र चिकाटी लागते. ‘आमच्याकडे यंदा काहीच नाही’ म्हणून पुष्कळ जण मोजणी सोडत आणि नेमकी तीच माहिती हातून निसटे. काहीच नसणे हीदेखील नोंद आहे, हे वार्षिक अंकांतून आणि पत्रकांतून पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

पैशाची बाजूही पहिल्यापासून सहभागींनीच उचलली. मोठ्या देणगीवर किंवा सरकारी अनुदानावर दरवर्षी विसंबून न राहता नाममात्र वर्गणी घेण्याचे धोरण ठरले. अमेरिकेत ही वर्गणी अलीकडे १८ डॉलर आहे. कॅनडात देणगीच्या रूपाने मदत घेतली जाते. काम करायचे, वर त्यासाठी पैसेही भरायचे, हा व्यवहार ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. पण छपाई, टपाल, माहिती तपासणे आणि सहभागींच्या पत्रांना उत्तरे देणे हा खर्च या वर्गणीतून निघत गेला, आणि अनेक अनुदानित पाहण्या अनुदान संपताच आटोपल्या तिथे ही टिकून राहिली.

सामान्य माणसाने लिहिलेल्या नोंदीवर विश्वास कितपत ठेवायचा, हा आक्षेप मात्र सुरुवातीपासून पाठीला लागलेला होता, आणि तो अगदीच गैर नव्हता. डाउनी आणि हेअरी हे दोन सुतारपक्षी दिसायला जवळजवळ जुळे. फरक अंगलटीचा आणि चोचीच्या लांबीचा. पर्पल फिंच आणि हाऊस फिंच यांच्यातही भल्याभल्यांची फसगत होते, आणि फीडरवर झडप घालणारा ससाणा कूपर्स की शार्प-शिन्ड यावर तर जाणकारांतही वाद होतात. यावर संस्थेने टप्प्याटप्प्याने चाळणी बसवली. एखाद्या भागात, एखाद्या महिन्यात जी जात किंवा जी संख्या अपेक्षित नाही, ती नोंद बाजूला निघते; मग नोंदवणाऱ्याकडे छायाचित्र किंवा वर्णन मागितले जाते आणि तज्ज्ञ निर्णय देतात. डेव्हिड बाँटर आणि कॅरन कूपर यांनी २०१२ साली या पद्धतीवर निबंधच प्रसिद्ध केला. ही चाळणी चुकीची दुर्मिळ नोंद अडवते. एखादा नेहमीचा पक्षी चुकून दुसऱ्या नेहमीच्या पक्ष्याच्या नावावर लागला तर ती चूक तिच्यातून निसटू शकते. संस्थेने ही मर्यादा लपवली नाही. ओळख पटवायला कठीण अशा जोड्यांची सचित्र पत्रके काढून ती शक्य तितकी कमी केली.

पहिल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट लक्षात आली. मोजणीसाठी जमलेली ही माणसे इतर प्रश्नांचीही उत्तरे देऊ शकत होती. घरांच्या काचांवर आपटून किती पक्षी मरतात हे डन यांनी सहभागींनाच विचारले आणि १९९३ साली त्यावर निबंध लिहिला. पुढच्याच वर्षी डायान टेसाग्लिया यांच्यासह त्यांनी फीडरवर होणाऱ्या शिकारीचा हिशेब मांडला. त्यात शिकारी ससाण्यांच्या जोडीला घरचे मांजर पहिल्या रांगेत निघाले. ज्या घरात पाखरांना प्रेमाने दाणे घातले जातात त्याच घरातले लाडके मांजर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेले पाहून अनेकांची पंचाईत झाली असणार.

याच सुमारास कॉर्नेलने दाण्यांची आवडनिवड तपासण्याचा प्रयोग देशभर राबवला, आणि हा भाग मराठी वाचकाला परका वाटणार नाही. अमेरिकेतल्या स्वस्त मिश्र दाण्यांत ‘मायलो’ नावाने घातला जाणारा दाणा म्हणजे आपली ज्वारी. पूर्वेकडची पाखरे ती चोचीने बाजूला सारतात, खाली जमिनीवर तिचा खच पडतो आणि मालक वैतागतात. प्रयोगात असे दिसले की पश्चिमेकडच्या स्टेलर्स जे, कर्व्ह-बिल्ड थ्रॅशर आणि गॅम्बेल्स क्वेल या पक्ष्यांना सूर्यफुलापेक्षा ज्वारीच अधिक पसंत आहे. लालभडक कार्डिनलला करडई चालते. आणि गोल्डफिंचसाठी बारीक छिद्रांच्या नळीत जो काळा, बारीक, तेलकट दाणा भरतात, ते आपले कारळे! नाशिककडच्या डोंगराळ, हलक्या जमिनीत ज्याला खुरासणी म्हणतात आणि ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात, तेच हे पीक. भारत, इथिओपिया आणि म्यानमार इथून कारळे अमेरिकेत जाते ते मुख्यतः पाखरांसाठी. त्यातून अमरवेलीसारख्या तणांचे बी देशात शिरू नये म्हणून ते उष्णता देऊन निर्जीव करावे लागते. म्हणून नळीखाली सांडलेले कारळे सहसा उगवत नाही. न्यूयॉर्कच्या बर्फात गोल्डफिंच टिपत असलेला दाणा आपल्याकडच्या डोंगरउतारावरचा असू शकतो, ही गोष्ट त्या परसातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

संस्थेची खरी कसोटी १९९४ साली लागली. ती समजायला थोडे मागे जायला हवे. हाऊस फिंच हा मुळात पश्चिम अमेरिकेतला पक्षी. त्याला पिंजऱ्यात घालून पूर्वेकडच्या बाजारात विकले जाई. हा व्यापार बेकायदा असल्याने १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर काही पक्षी सोडून दिले गेले. तेवढ्या मूठभर पक्ष्यांपासून पूर्वेत त्यांची प्रचंड संख्या झाली आणि हाऊस फिंच फीडरवरचा नित्याचा पाहुणा बनला. १९९३-९४च्या हिवाळ्यात वॉशिंग्टन शहराच्या परिसरातल्या फीडरवॉचच्या सहभागींना काही फिंचांचे डोळे सुजलेले, चिकटलेले दिसू लागले. आंधळी झालेली पाखरे फीडरवर बसून राहत, उडता येत नसे, आणि थंडीला किंवा मांजराला बळी पडत. तपासणीत ‘मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम’ हा जिवाणू सापडला. कोंबड्या आणि टर्की यांच्यात तो पूर्वीपासून माहीत होता; रानातल्या गाणाऱ्या पक्ष्यात अशी साथ नवी होती.

जंगली पक्ष्यांतली साथ सहसा कळते तेव्हा ती होऊन गेलेली असते. आधी किती पक्षी होते याची नोंद नसते, म्हणून किती गेले हेही सांगता येत नाही. इथे उलटे घडले. रोग येण्याआधीच्या सहा हिवाळ्यांच्या नोंदी हजारो परसांतून जमलेल्या होत्या, आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानीमनीही साथ नव्हती. कॉर्नेलने नोव्हेंबर १९९४मध्ये रोगाची स्वतंत्र पाहणी सुरू केली. रोगी पक्षी दिसला तर लिहाच, पण निरोगी दिसले तरी लिहा, असे सहभागींना सांगण्यात आले. महिन्यामागून महिना साथ पूर्वेच्या नकाशावर कशी पसरली ते यातून दिसले. वेस्ली होचाखा आणि आंद्रे डोंट यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात फीडरवॉचच्या आकड्यांवरून दाखवले, की जिथे फिंच दाट होते तिथे घट सर्वांत मोठी झाली, आणि साथ स्थिरावल्यावर ठिकठिकाणची संख्या जवळपास सारख्या पातळीवर येऊन थांबली. दाट वस्तीत रोग माजतो हे पुस्तकातले सूत्र रानातल्या पक्ष्यांवर एवढ्या विस्तृत प्रदेशात पडताळून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. ज्यांच्या कंटाळवाण्या नोंदींनी ती मिळवून दिली त्यात निवृत्त शिक्षक होते, शाळेची मुले होती, वृद्धाश्रमांच्या दिवाणखान्यात खिडकीशी खुर्ची ओढून बसणारे आजी-आजोबाही होते.

या साथीने संस्थेला एक कडू गोष्टही मान्य करावी लागली. रोग पसरवण्यात फीडरचाही हात होता. एरवी विखुरलेली पाखरे एका दांडीवर आळीपाळीने बसतात, तिथेच डोळे घासतात. म्हणून फीडर साधारण दर दोन आठवड्यांनी धुवावा, रोगी पक्षी दिसल्यास काही दिवस उतरवून ठेवावा, या सूचना तेव्हापासून प्रत्येक अंकात आणि पत्रकात ठळकपणे येऊ लागल्या.

नव्वदचे दशक संपताना उपक्रम चांगला स्थिरावला होता. डन आणि टेसाग्लिया-हाइम्स यांनी जमलेल्या माहितीवर आधारलेले ‘बर्ड्स अ‍ॅट युअर फीडर’ हे पुस्तक १९९९मध्ये काढले. लाँग पॉइंटचे केंद्र ‘बर्ड स्टडीज कॅनडा’ या राष्ट्रीय संस्थेचा भाग झाले. हीच संस्था आज ‘बर्ड्स कॅनडा’ म्हणून ओळखली जाते. यंत्राने वाचायच्या कागदी पत्रकांच्या जोडीला संगणकावरून नोंद करण्याची सोय आली आणि पुढे मोबाइलवरही आली. कागदाला सरावलेल्या जुन्या सहभागींसाठी पत्रकांची वाट मात्र लगेच बंद केली नाही. इथाकाच्या बाजूने बाँटर आणि नंतर एमा ग्रेग, कॅनडाच्या बाजूने केरी विल्कॉक्स यांनी वर्षानुवर्षे हा गाडा हाकला.

दोन दशकांच्या नोंदी हाती आल्यावर सावकाश घडणारे बदल दिसू लागले. पिवळाधमक, जाड चोचीचा ईव्हनिंग ग्रोसबीक एके काळी पूर्वेकडच्या फीडरवर थव्यांनी येऊन सूर्यफुलाचा फडशा पाडत असे आणि यजमानाच्या खिशाला भोक पाडत असे. तो कमी झाल्याचे जुने लोक सांगत होते. बाँटर आणि मायकल हार्वी यांनी २००८ साली आकडे मांडले : १९८८ ते २००६ या काळात हा पक्षी दिसणाऱ्या ठिकाणांचे प्रमाण निम्म्यावर आले होते, आणि जिथे तो अजून येत होता तिथेही थव्याचा सरासरी आकार २७ टक्क्यांनी घटला होता.

काही पक्षी याउलट पसरत होते. आपल्या माळावर, शेताच्या बांधावर घुमणारा, मानेमागे काळी पट्टी असलेला होला सत्तरच्या दशकात बहामा बेटांवर निसटला, तिथून फ्लोरिडात आला आणि वायव्येकडे सरकत खंडभर गेला. फीडरवॉचच्या नकाशांत त्याची कूच वर्षावर्षाने मोजता येते. कॅरोलिना रेन, रेड-बेलीड सुतार असे दक्षिणेचे पक्षी उत्तरेकडच्या परसांत वाढत चालले. कारीन प्रँसे आणि बेंजामिन झुकरबर्ग यांनी २०१५मध्ये दाखवले, की हिवाळे सौम्य होत गेले तशी फीडरवरची पंगतच बदलली. उबदार प्रदेशाचे पक्षी तिच्यात अधिकाधिक जागा घेऊ लागले. त्याच वर्षी झुकरबर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइन सिस्किनच्या वीस लाखांहून अधिक नोंदी तपासल्या. हा पक्षी कोणत्या वर्षी कुठे उतरणार, हे खंडाच्या दोन टोकांच्या परस्परविरुद्ध हवामानाशी बांधलेले असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ऑन्टारियोच्या पाहणीला जो प्रश्न सीमेपाशी अडवत होता, त्याचे एवढे नेमके उत्तर यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

भांडणेसुद्धा वाया गेली नाहीत. फीडरवर कोण कोणाला हुसकावतो हे सहभागींनी लिहून पाठवावे अशी सोय केल्यावर एलियट मिलर आणि सहकाऱ्यांनी १३६ जातींची खंडव्यापी उतरंड बांधली. साधारणपणे वजनदार पक्षी वरचढ ठरतो. पण सुतारपक्षी वजनाच्या मानाने बरेच जास्त दांडगे निघाले. खारींना या उतरंडीत जागा नव्हती. असती तर पहिल्या क्रमांकाविषयी दुमत झाले नसते, कारण अमेरिकेतल्या करड्या खारीपुढे फीडर बनवणाऱ्यांनी आजवर योजलेले बहुतेक उपाय थिटे पडले आहेत.

चिमणीची हकिकतही याच नोंदींतून आली. १८५०च्या दशकात ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली चिमणी अमेरिकेत परकी आणि उपद्रवी मानली जाते. तरीही तिची घट मोजणे महत्त्वाचे होते, कारण तिच्या मूळ प्रदेशांतूनही ती कमी होत असल्याचे ऐकू येत होते. १९९५ ते २०१६ या काळातल्या फीडरवॉचच्या आकड्यांवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात शहरी चिमण्या घटत असल्याचे आणि ग्रामीण भागात तशी घट नसल्याचे आढळले. नाशिकच्या ‘नेचर फॉरएव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१०पासून २० मार्चला चिमणी दिन पाळणाऱ्या महाराष्ट्राला या निष्कर्षाचा संदर्भ वेगळा समजावून सांगायला नको.

२०२०-२१चा हिवाळा विलक्षण गेला. महामारीमुळे माणसे घरात अडकली, खिडकीशी बसणारे वाढले आणि फीडरवॉचमधला सहभागही वाढला. नेमक्या त्याच हिवाळ्यात पाइन सिस्किन अफाट संख्येने दक्षिणेला उतरले, फीडरवर दाटीवाटीने बसले आणि साल्मोनेलाच्या साथीला बळी पडले. वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया या राज्यांच्या वन्यजीव विभागांनी लोकांना फीडर उतरवून ठेवायला सांगितले. मोजणाऱ्यांपुढे पेच पडला. संस्थेने सहभागींना या सूचना पाळायला सांगितले. फीडर नसतानाही मोजणी थांबवण्याची गरज नव्हती. झाडेझुडपे, पाणी किंवा बियांची रोपे असलेला परसाचा तुकडा नियमात पूर्वीपासूनच बसतो.

दाणे घातल्याने पक्षी परावलंबी होतात का, हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतोच. विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ले टेम्पल यांनी ऐंशीच्या दशकात चिकडींवर केलेल्या अभ्यासात फीडर असलेल्या रानात हिवाळा तगून जाणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण ६९ टक्के आणि नसलेल्या रानात ३७ टक्के आढळले होते. आणि सवयीचा फीडर काढून घेतल्यावरही चिकडी इतरांइतक्याच तगल्या. एवढ्याने विषय मिटत नाही. ग्रेग आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये फीडरवॉचच्या नोंदींवरून दाखवले, की कॅलिफोर्नियाचा अ‍ॅनाज हमिंगबर्ड हिवाळ्यात थंड उत्तरेकडे पसरत गेला त्यामागे शहरे आणि घरोघर टांगलेले साखरपाण्याचे फीडर यांचा संबंध आहे. म्हणजे ज्या खिडकीतून पक्ष्यांचे जग पाहायचे, ती खिडकीच त्या जगात ढवळाढवळ करत होती. ही गोष्ट उपक्रमाच्याच माहितीतून, उपक्रमाच्याच प्रमुखांनी मांडावी, हे संस्थेच्या पोक्तपणाचे लक्षण मानायला हवे.

आज हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत चालतो. पूर्वी तो एप्रिलच्या सुरुवातीला संपत असे. तीन दशकांहून अधिक काळच्या नोंदी कोणाही अभ्यासकाला विनामूल्य उतरवून घेता येतात. बाँटर आणि ग्रेग यांनी २०२१ साली या माहितीसाठ्याची सविस्तर ओळख प्रसिद्ध केली आहे. फीडरवॉच स्वतः अमेरिका आणि कॅनडापुरतेच आहे. पण कॉर्नेल आणि ‘ऑड्युबन’ ही पक्षीसंस्था यांनी १९९८मध्ये सुरू केलेली परसातली फेब्रुवारीची गणना २०१३पासून जगभर खुली झाली. त्या वर्षापासून भारतातले पक्षीनिरीक्षकही ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये भाग घेतात, आणि महाराष्ट्रातून गच्चीवरच्या, महाविद्यालयाच्या आवारातल्या याद्या तिच्यात जातात. आपल्याकडे थंडी पाखरांना उपाशी मारत नाही, त्यामुळे दाण्यांऐवजी उन्हाळ्यातले पाण्याचे भांडे हाच अंगणाचा आधार ठरतो, एवढा फरक.

ऑन्टारियोतल्या पहिल्या पाहणीला २०२६ साली ५० वर्षे होत आहेत. नोंदणी दर वर्षी खुली असते, वर्गणीच्या पावतीबरोबर नेहमीच्या पक्ष्यांचे भिंतीवर लावायचे चित्रपत्रक येते, आणि नव्या सहभागीला पहिली सूचना तीच मिळते जी १९८७ साली होती : एका वेळी दिसलेली सर्वांत मोठी संख्या लिहा, बेरीज करू नका.